झंगमधल्या वैराचे वय

क्वेट्टा, पेशावर किंवा बगदादमधल्या शिया वस्तीत स्फोट झाला की दुसऱ्या दिवशी आपल्याकडच्या चर्चेत एक वाक्य ठरलेले असते : शिया-सुन्नींचे हे चौदाशे वर्षांचे वैर आहे. इसवी सन 632 मध्ये पैगंबरांचे निधन झाले, वारस कोण यावरून वाद पेटला, 680 मध्ये करबलाला हुसेन मारले गेले आणि तेव्हापासून हे चालूच आहे, असा त्याचा पुढचा भाग. वाहिनीवर बसलेला निवृत्त अधिकारी हे सांगतो, अग्रलेख लिहिणारा सांगतो. 2016 च्या जानेवारीत अमेरिकेच्या अध्यक्षांनीही पश्चिम आशियातल्या उलथापालथीची मुळे हजारो वर्षांपूर्वीच्या संघर्षांत आहेत, असे आपल्या काँग्रेसला सांगितले. इतकी माणसे एकच गोष्ट बोलू लागली की ती खरी वाटायला लागते. ती खरी नाही.

मतभेद तेवढा जुना आहे, हे कोणी नाकारत नाही. पण मतभेद आणि मुडदे यांच्यामध्ये बरेच काही घडावे लागते. कायदे व्हावे लागतात, पैसा आणि बंदुका याव्या लागतात, पोलिसांनी पाठ फिरवावी लागते, खटल्यातले साक्षीदार उभे राहण्याआधीच मरावे लागतात. ही कामे हयात माणसे करतात, अमुक वर्षी, अमुक कचेरीत बसून. 'चौदाशे वर्षे' असे म्हटले की त्या माणसांची नावे घेण्याची गरजच उरत नाही. मेलेल्याचा मारेकरी थेट सातव्या शतकात जाऊन बसतो आणि तिथे त्याला कोणाचाही हात पोहोचत नाही. माझा राग आहे तो यावर.

एक गाव घेऊन पाहू. झंग हा पाकिस्तानी पंजाबातला जिल्हा; झेलम आणि चिनाब या नद्या तिथेच एकमेकींना मिळतात. हीर-रांझाच्या कथेतली हीर झंगची. तिची म्हणून दाखवतात ती कबर शहरात आहे. सुलतान बाहू या सूफी कवीचा दर्गा याच जिल्ह्यात. नोबेल पारितोषिक मिळवणारे पदार्थवैज्ञानिक अब्दुस सलाम झंगमध्येच लहानाचे मोठे झाले. आणि पाकिस्तानातल्या शियांना कायद्याने काफिर ठरवा, ही मागणी घेऊन उभी राहिलेली सिपाह-ए-सहाबा ही संघटनाही इथलीच. हक नवाज झंगवी या मौलवीने ती 1985 मध्ये काढली. तिच्यातून 1996 मध्ये लष्कर-ए-झंगवी बाहेर पडली. कराचीतल्या शिया डॉक्टरांना दवाखान्याच्या दारात गाठणारी आणि क्वेट्ट्यातल्या हजारा शियांच्या वस्तीत बॉम्ब लावणारी टोळी या गावाचे नाव लावून फिरते.

वैर चौदाशे वर्षांचे असेल तर झंगला 1985 पर्यंत थांबावे का लागले? शिया तिथे नव्याने आलेले नव्हते. पिढ्यान्‌पिढ्या होते. पंजाबात मोहरमच्या ताजियांचे परवाने कित्येक ठिकाणी सुन्नींच्या नावावर असत. बरेलवी वळणाचा सुन्नी शेतकरी मिरवणुकीत सरबत वाटायचा, आणि हुसेनसाठी रडताना आपण पंथ ओलांडतो आहोत असे त्याला वाटत नसे. दोन्ही पंथांत सोयरिकी होत होत्या. पाकिस्तान ज्यांनी मागितले त्या पुढाऱ्यांकडेच पाहा. मुस्लिम लीगचे पहिले अध्यक्ष आगाखान हे इस्माइली. लीगला पैसा पुरवणारे महमूदाबादचे राजे शिया. पहिले परराष्ट्रमंत्री जफरुल्ला खान अहमदिया या लहान पंथाचे. आणि स्वतः जिना मुंबईतल्या नामांकित खोजा बॅरिस्टरांपैकी. जन्माने इस्माइली, पुढे इस्ना अशरी, म्हणजे बारा इमाम मानणारे शिया. 1948 मध्ये ते वारले तेव्हा घरात शिया रीतीने नमाज झाली आणि बाहेर लाखोंच्या जमावापुढे देवबंदी मौलाना शब्बीर अहमद उस्मानी यांनी जनाज्याची नमाज पढवली. त्या दिवशी कोणाला त्यात विसंगती दिसली नाही.

मग काय बिघडले? पहिला तुकडा 1953 चा. पंजाबात धान्याची टंचाई होती, मुख्यमंत्री मुमताज दौलताना यांची लोकप्रियता ओसरत होती आणि अहमदियांना बिगरमुस्लिम जाहीर करा, जफरुल्लांना काढा, असे आंदोलन पेटले होते. ते विझवण्याऐवजी दौलतानांनी त्याचे तोंड कराचीतल्या केंद्र सरकारकडे वळवले. आग ओकणाऱ्या वर्तमानपत्रांना सरकारी निधीतून पैसे गेले होते, हे न्यायमूर्ती मुनीर आणि कयानी यांच्या चौकशीत बाहेर आले. लाहोरला लष्करी कायदा लावावा लागला, पाकिस्तानातला पहिला. त्याच चौकशीत न्यायाधीशांनी एकेका उलेमाला विचारले, मुसलमान कोणाला म्हणावे? कोणत्याही दोघांचे उत्तर जुळले नाही. एकाची व्याख्या धरली तर बाकीचे सगळे धर्माबाहेर जातात, असे त्यांनी अहवालात लिहून ठेवले. 1954 चा हा अहवाल पाकिस्तानच्या राज्यकर्त्यांनी गांभीर्याने घेतला असता तर पुढचे पुष्कळ रक्त वाचले असते.

तो घेतला गेला नाही. वीस वर्षांनी, 1974 च्या मे महिन्यात, रबवा रेल्वे स्थानकावर अहमदिया तरुणांनी मुलतानच्या वैद्यकीय विद्यार्थ्यांना मारहाण केली. रबवा हे अहमदियांचे केंद्र तेव्हा झंग जिल्ह्यातच होते. पुन्हा आंदोलन, पुन्हा तीच मागणी. या वेळी पंतप्रधान होते झुल्फिकार अली भुट्टो, स्वतःला समाजवादी म्हणवणारे. 1970 च्या निवडणुकीत अहमदियांनी त्यांनाच मते दिली होती. त्याच निवडणुकीत जमात-ए-इस्लामी आणि उलेमांचे दोन मोठे पक्ष मिळून 300 पैकी 18 जागांवर अडले होते. मतदाराने ज्यांना असे नाकारले, त्यांची मागणी भुट्टोंनी संसदेत नेऊन 7 सप्टेंबर 1974 रोजी घटनादुरुस्तीने मान्य केली. अहमदिया घटनेने बिगरमुस्लिम झाले. अब्दुस सलाम यांनी सरकारी सल्लागारपद सोडले. पुढे रबव्यातल्या त्यांच्या थडग्यावर 'पहिले मुस्लिम नोबेल विजेते' असे कोरले होते, त्यातला 'मुस्लिम' हा शब्द खरवडून काढण्यात आला. आज पाकिस्तानात मुसलमान म्हणून पासपोर्ट काढायचा तर अहमदियांच्या संस्थापकाला खोटा ठरवणाऱ्या मजकुराखाली सही करावी लागते.

इथे एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे, आणि माझ्या शिया मित्रांना ती बोचेल. 1953 च्या आणि 1974 च्या आंदोलनांत शिया उलेमा इतरांच्या मांडीला मांडी लावून बसले होते. सगळे फिरके, म्हणजे पंथ, एक झाले याचा तेव्हा केवढा अभिमान मिरवला गेला. ती एकी एका लहान समाजाला बाहेर फेकण्यापुरती होती. कोण मुसलमान हे ठरवण्याचा अधिकार संसदेच्या हाती एकदा गेल्यावर तो पुढे कोणावर वापरायचा, एवढाच प्रश्न शिल्लक राहिला. अकरा वर्षांनी त्याच जिल्ह्यातून त्याचे उत्तर आले. सिपाह-ए-सहाबाची मागणी शब्दशः तीच होती. फक्त अहमदियांच्या जागी शिया घातले होते. म्हणून 'इस्लाममध्ये पंथ नाहीतच, आम्ही सगळे एक' असे जेव्हा आपल्याकडचे मुस्लिम पुढारी व्यासपीठावरून सांगतात, तेव्हा त्यांना विचारावेसे वाटते, त्या 'सगळ्यां'त अहमदिया आहेत का? बहुतेकदा नसतात. एकीच्या घोषणेतच वगळण्याची यादी दडलेली असेल तर ती घोषणा पंथवादाला उतारा कशी ठरेल?

1974 आणि 1985 यांच्यामध्ये झिया-उल-हक आले, आणि सारे प्रकरण तिथे पालटले. 1977 मध्ये सत्ता बळकावलेल्या या सेनापतीला निवडणुका टाळायच्या होत्या आणि त्यासाठी इस्लामीकरण हाताशी होते. पण कोणता इस्लाम? हनफी सुन्नी फिक्ह (धर्मकायदा) आणि जाफरी शिया फिक्ह यांत जकातीचे नियम वेगळे आहेत. शियांच्या मते रोख पैशावरची जकात सरकारने सक्तीने कापण्याची वस्तू नाही. झियांच्या 1980 च्या जकात वटहुकुमाने मात्र रमजानच्या पहिल्या तारखेला प्रत्येक मुसलमानाच्या बचत खात्यातून अडीच टक्के कापायचे ठरवले. जुलैमध्ये हजारो शिया इस्लामाबादेत जमले, मुफ्ती जाफर हुसेन यांच्या नेतृत्वाखाली त्यांनी सचिवालयाला वेढा घातला, आणि लष्करशहाला माघार घ्यावी लागली. शियांना सूट मिळाली.

सूट मिळवायची तर काय करायचे? बँकेत प्रतिज्ञापत्र द्यायचे, की मी अमुक फिक्ह मानतो. सीझेड-50 या नावाने तो नमुना पाकिस्तानातल्या प्रत्येक बँक कारकुनाला ठाऊक आहे. त्या क्षणाचे महत्त्व आपल्या भाष्यकारांच्या ध्यानात येत नाही, म्हणून त्यावर थोडे थांबतो. तोवर शिया असणे ही घरची, मजलिसची, मोहरमच्या दहा दिवसांची गोष्ट होती. आता ती बँकेच्या काउंटरवर, शिक्क्यानिशी, नोंदवण्याची गोष्ट झाली. अडीच टक्के वाचवण्यासाठी कित्येक सुन्नींनीही स्वतःला शिया लिहून दिले. त्यावरून सुन्नी मौलवी खवळले : हे लोक सुन्नींना फोडत आहेत. दुसरीकडे जमा झालेल्या जकातीतला वाटा मदरशांना मिळू लागला. मदरसा जितका मोठा तितका वाटा मोठा. साहजिकच मदरसे भराभर वाढले, आणि बहुतेक मदरसा कोणत्यातरी एका फिरक्याचा असतो. शियांच्या विजयाने राज्यकर्त्यांच्या मनात एक भीती बसली, सुन्नी मौलवींच्या मनात दुसरी. करबलाशी यातल्या कशाचाही संबंध नव्हता. संबंध होता एका वटहुकुमाशी.

आता झंगच्या बाजारात या. जिल्ह्यातल्या मोठ्या जमिनी शाह जीवना, रजोआ अशा सय्यद घराण्यांकडे, आणि ही घराणी शिया. कायदेमंडळातल्या जागा त्यांच्याच. शहरात मात्र फाळणीनंतर पूर्व पंजाबातून आलेले निर्वासित वसले होते : दुकानदार, अडते, कारखान्यात काम करणारे, आणि हे सुन्नी. त्यांच्या हाती थोडा पैसा आला होता, घरटी एखादा मुलगा आखातात होता, पण राजकारणाचे दार बंद होते. पक्ष लष्कराने मोडून टाकलेले, संघटनांवर बंदी; 1985 ची निवडणूकसुद्धा पक्षांशिवाय घेतली गेली. जमीनदाराविरुद्ध बोलायला जी भाषा लागते ती भाषाच सरकारने बेकायदा ठरवलेली. मशिदीतली भाषा तेवढी मोकळी होती. जमीनदार शिया आहे, हे जमीनदार जमीनदार आहे यापेक्षा बोलायला सोपे आणि सुरक्षित होते. हक नवाज झंगवींनी ते बोलून दाखवले, आणि लोक जमले. मग त्याची किंमत कोणी मोजली? सय्यद घराण्यांच्या हवेल्यांना पहारे होते. मेले ते इमामबाड्यात नमाजाला वाकलेले शिंपी, हमाल, शाळामास्तर.

पुढचा हिशेब रक्ताचा आहे. 1990 च्या फेब्रुवारीत झंगवींचा खून झाला. डिसेंबरात लाहोरमधले इराणी अधिकारी सादिक गंजी यांना मारले गेले. शियांच्याही बाजूने सिपाह-ए-मुहम्मद ही सशस्त्र टोळी उभी राहिली आणि तिनेही माणसे मारली; हे लपवण्यात कोणाचेही हित नाही. पण या काळात सरकार काय करत होते? सिपाह-ए-सहाबाचे लोक आमदार-खासदार होत होते आणि पंजाबच्या आघाडी सरकारात मंत्रिपदापर्यंत पोहोचत होते. 2002 च्या जानेवारीत परवेझ मुशर्रफ यांनी संघटनेवर बंदी घातली, जगभर वाहवा मिळवली. त्याच वर्षी ऑक्टोबरात तिचे नेते आझम तारिक तुरुंगातून झंगची जागा लढले आणि निवडून आले. मुशर्रफ यांना आपल्या पसंतीचे जफरुल्ला जमाली पंतप्रधान करायचे होते. 342 च्या सभागृहात जमालींना 172 मते पडली, लागत होती तेवढीच. तुरुंगातून सुटलेल्या आझम तारिक यांचे मत त्यांत होते. चौदाशे वर्षांच्या वैराला एका मताचे बहुमत कशाला लागेल? ते लागत होते ते इस्लामाबादेतल्या सेनापतीला.

लष्कर-ए-झंगवीचे मलिक इशाक यांच्यावर डझनावारी खुनांचे खटले होते. साक्षीदार मारले गेले, उरलेले उलटले, आणि 2011 च्या जुलैमध्ये ते जामिनावर बाहेर आले. त्यानंतर दीड वर्षाने, 10 जानेवारी 2013 ला, क्वेट्ट्याच्या अलमदार रोडवर एका स्नूकर क्लबात लागोपाठ दोन स्फोट झाले. मदतीला धावलेले दुसऱ्या स्फोटात गेले. ऐंशीहून अधिक माणसे मेली, बहुतेक हजारा. कडाक्याच्या थंडीत नातेवाईक शवपेट्या रस्त्यावर ठेवून बसले आणि दफन करणार नाही म्हणाले. इस्लाममध्ये दफनाला उशीर करणे किती जड जाते हे ज्याला माहीत आहे त्याला त्या नकाराचे वजन कळेल. त्यांची मागणी काय होती? सुन्नींना शिक्षा करा, असे कोणीही म्हणत नव्हते. प्रांताचे सरकार काढा, सुरक्षा लष्कराकडे द्या, असे ते म्हणत होते. पंतप्रधानांना क्वेट्ट्याला यावे लागले, बलुचिस्तानचे सरकार बरखास्त झाले. महिन्याभरानंतर हजारा टाउनच्या बाजारात पुन्हा स्फोट, पुन्हा शवपेट्या रस्त्यावर. 2021 च्या जानेवारीत मछच्या हजारा खाणकामगारांचे गळे चिरले गेले तेव्हाही तेच. ज्यांची मुले मेली त्या बायकांना आपला मारेकरी कुठे राहतो हे बरोबर माहीत आहे, आणि त्या जाब सरकारला विचारतात. 'चौदाशे वर्षे' म्हणणारा त्यांना सांगतो, बाई, तुमच्या दुःखाला आज कोणी जबाबदार नाही.

आता दुसरा बचाव. तो मुस्लिम बाजूने येतो आणि तेवढाच सोयीचा आहे : हे सगळे परक्यांचे कारस्थान. अमेरिकेचे, इस्राएलचे, नाहीतर इराण आणि सौदीचे. बाहेरून पैसा आला, हे खरे. 1979 च्या इराणी क्रांतीनंतर तेहरानने शिया तरुणांना जवळ केले, आखातातून सुन्नी मदरशांना देणग्या आल्या, अफगाण युद्धाने बंदुका स्वस्त केल्या. पण जकातीचा वटहुकूम रियाधमध्ये लिहिला गेला नव्हता. अहमदियांनी आपल्या प्रार्थनास्थळाला मशीद म्हटले किंवा अजान दिली तर तीन वर्षांपर्यंत कैद, हा 1984 चा वटहुकूम वॉशिंग्टनने काढला नव्हता. 2023 च्या जानेवारीत सहाबांच्या, म्हणजे पैगंबरांच्या सहकाऱ्यांच्या, अवमानाची शिक्षा तीन वर्षांवरून थेट जन्मठेपेपर्यंत नेणारे विधेयक मोजक्या सदस्यांच्या हजेरीत नॅशनल असेंब्लीने मंजूर केले. त्यावर हात वर करणारे सारे पाकिस्तानी होते. कारस्थानाची भाषा आपल्याच विधिमंडळाला आणि आपल्याच मशिदीतल्या मिंबरला मोकळे सोडते. चौदाशे वर्षांची भाषाही तेच करते. एक दोष काळावर ढकलते, दुसरी परक्यावर.

आणि ज्या इराण-सौदी भांडणाला धर्मयुद्ध म्हणतात ते तरी पंथाने चालते का? 1962 नंतर येमेनच्या यादवीत सौदी अरेबियाने जैदी शिया इमामाला पैसा आणि शस्त्रे दिली, इजिप्तच्या सुन्नी नासेरच्या फौजेविरुद्ध. शिया इराण सुन्नी हमासच्या पाठीशी राहिला, आणि शियाबहुल अझरबैजानपेक्षा ख्रिस्ती आर्मेनियाशी त्याचे अधिक जुळत आले. 2016 मध्ये तुटलेले सौदी-इराण संबंध 2023 च्या मार्चमध्ये बीजिंगमध्ये सांधले गेले. इमामतीच्या सिद्धांतात त्या सात वर्षांत काहीही बदलले नव्हते.

इराकचा दाखला याहून बोलका आहे. 1920 मध्ये ब्रिटिशांविरुद्ध उठाव झाला तेव्हा बगदादचे शिया आणि सुन्नी एकमेकांच्या मशिदींत जाऊन सभा घेत होते. 1980 ते 1988 च्या युद्धात शिया इराणशी लढलेल्या इराकी पायदळात बहुसंख्य जवान शियाच होते. सद्दामने शियांवर भयंकर अत्याचार केले, 1991 च्या उठावानंतर तर विशेषच. पण शासनातल्या जागा पंथाच्या मापाने उघडपणे मोजून देण्याची रीत आली ती 2003 मध्ये. अमेरिकी प्रशासक पॉल ब्रेमर यांनी नेमलेल्या 25 जणांच्या शासन परिषदेत 13 शिया, 5 सुन्नी अरब, 5 कुर्द, 1 तुर्कमान आणि 1 असिरियन ख्रिस्ती अशी वाटणी होती. कम्युनिस्ट पक्षाचे सरचिटणीस हमीद मजीद मूसा यांनाही शियांच्या कोट्यात मोजले गेले. मग खाती वाटली गेली, खात्यांबरोबर नोकऱ्या आणि कंत्राटे. गृहखात्याच्या गणवेशात खुनी पथके हिंडू लागली. सामर्रा हे सुन्नी वस्तीचे गाव. शियांच्या दोन इमामांचे कबरस्थान तिथे हजार वर्षांहून अधिक काळ उभे होते आणि त्याची देखभाल सुन्नी घराणी करीत होती. 22 फेब्रुवारी 2006 ला त्याचा सोन्याचा घुमट उडवला गेला. वैर खरोखरच चौदाशे वर्षांचे असते तर त्या कबरस्थानाला इतकी शतके कोणी राहू दिले असते?

तेरा वर्षांनी, 2019 च्या ऑक्टोबरात, बगदादच्या तहरीर चौकात आणि नासिरिया, बसरा या शिया शहरांत तरुण मुले रस्त्यावर आली. बहुतेक शिया, आणि त्यांचा राग होता शिया पक्षांच्याच सरकारवर : ही वाटणी बंद करा, आम्हाला देश हवा. त्यांच्यावर गोळ्या झाडणारेही शिया होते. सुमारे सहाशे मुले मेली. आपल्या किती वर्तमानपत्रांनी ती बातमी पहिल्या पानावर छापली? चौदाशे वर्षांच्या चौकटीत ती बसत नव्हती.

इतिहास जाणणारा वाचक इथे मला अडवील. मध्ययुगात पंथावरून कत्तली झाल्या नाहीत का? झाल्या. एक तर आपल्या चाकणला झाली. पंधराव्या शतकाच्या मध्यावर बहामनी सुलतानाने मलिक-उत-तुज्जार याला कोकणात धाडले. शिर्क्यांनी त्याला सह्याद्रीच्या जंगलात अडकवून संपवले. वाचलेले आफाकी, म्हणजे इराण-इराककडून आलेले सरदार आणि शिपाई, चाकणच्या किल्ल्यात आले. त्यांत करबला-नजफचे सय्यद पुष्कळ. दख्खनी सरदारांनी बीदरला चुगली केली की हे फितूर झाले आहेत, परवानगी मिळवली, अभय देऊन त्यांना बाहेर काढले आणि कापले. फिरिश्त्याने हे सविस्तर लिहिले आहे. दख्खनी बहुतेक सुन्नी, आफाकींत शिया बरेच. म्हणून याला पंथयुद्ध म्हणता येईल. पण भांडण होते दरबारातल्या मनसबींचे : बाहेरून आलेल्याला मोठी जागा का, आणि इथल्याला का नाही. पुढे विजापूरच्या आदिलशहांनी शंभर वर्षांत कितीदा तरी राजपंथ बदलला, अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाने 1537 मध्ये शिया पंथ स्वीकारला. खुतब्यातली नावे बदलली, वजीर बदलले, जहागिऱ्या हलल्या. गावोगावचे ताबूत मात्र हिंदू-मुसलमान मिळून उठवीतच राहिले.

मुंबईचा दाखला तर न्यायालयाच्या दप्तरातच आहे. खोजा जमातीची मिळकत आणि जमातखाना कोणाच्या ताब्यात, यावरून 1866 मध्ये मुंबई हायकोर्टात खटला चालला. खोजे मुळात सुन्नी, असे एका गटाचे म्हणणे. न्यायमूर्ती अर्नोल्ड यांनी ते शिया इस्माइली आहेत असा निकाल दिला आणि मिळकतीवर आगाखानांचा हक्क कायम झाला. पिढ्यान्‌पिढ्या एकाच घरात चाललेल्या मिश्र रीतींना एका निकालाने एक खाते मिळाले. शंभर वर्षांनी त्याच जमातीत जन्मलेल्या जिनांच्या मिळकतीवरून कराचीच्या कोर्टात वाद गेला : कायदेआझम शिया की सुन्नी? वारसाहक्काचे हिस्से त्यावर ठरणार होते.

धर्मग्रंथांत, प्रवचनांत द्वेषाचा दारूगोळा आहे, हे मी नाकारत नाही. तक्फीरची, म्हणजे दुसऱ्या मुसलमानाला काफिर ठरवण्याची, परंपरा आहे, पहिल्या खलिफांना शिव्याशाप देण्याची रीतही आहे, आणि दोन्हीही सोडायला हव्यात असे मला वाटते. मुस्लिम समाजातल्या सुधारकांनी हे बोलले पाहिजे, आपल्या हमीद दलवाईंनी जसे न घाबरता बोलले तसे. पण दारूगोळा शतकानुशतके कोठारात पडून राहतो. वात लावणाऱ्याला पकडायचे सोडून कोठाराचे वय सांगत बसणे हा तपास नव्हे.

शेवटी कुर्रमबद्दल, कारण तिथले मुडदे ताजे आहेत. अफगाण सीमेवरच्या या जिल्ह्यात पाराचिनारभोवती शिया तुरी टोळ्या, खाली सुन्नी टोळ्या. 2024 च्या जुलैत तिथे गोळीबार सुरू झाला तो जमिनीच्या एका तुकड्यावरून. जिल्ह्याच्या मोठ्या भागात जमिनीची सरकारी नोंद धड झालेलीच नाही. डोंगर कोणाचा, पाणी कोणाचे, हे बंदूक ठरवते, आणि बंदुका अफगाण युद्धापासून घरोघर आहेत. 21 नोव्हेंबरला पोलीस बंदोबस्तात निघालेल्या शिया प्रवाशांच्या ताफ्यावर हल्ला झाला, चाळीसहून अधिक माणसे मेली, त्यांत बाया आणि मुले. मग सुन्नी गावे जाळली गेली. पाराचिनारचा एकमेव रस्ता महिनोन्‌महिने बंद राहिला. औषधाअभावी मुले दगावल्याचे तिथले लोक सांगत राहिले. आपल्याकडे बातमी आली ती नेहमीच्या वाक्यासह.

1 जानेवारी 2025 ला कोहाटच्या जिरग्यात दोन्ही बाजूंनी करारावर सह्या केल्या. बंकर पाडायचे, जड शस्त्रे सरकारजमा करायची, रस्ता खुला आणि सुरक्षित ठेवायचा, जमिनीचे तंटे सोडवायचे. तीन दिवसांनी कुर्रममधल्या बगनजवळ खुद्द डेप्युटी कमिशनरच्या ताफ्यावर गोळीबार झाला आणि मदतीचे ट्रक पुन्हा थांबले. त्या करारात खिलाफतीच्या वारशाबद्दल एकही कलम नव्हते. दोन्ही बाजूंच्या टोळीप्रमुख मलिकांनी, ज्यांच्या घरची माणसे मेली होती, त्यांनी तसे कलम मागितलेही नव्हते.